एका गुणाचे अंतर

भारतीय फुटबॉलमधील २०१६-१७ च्या आय-लीगचा अंतिम गुणतक्ता साधासुधा आहे. पहिल्या ओळीत आयजॉल एफसी, ३७ गुण. दुसऱ्या ओळीत मोहन बागान, ३६ गुण. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने आणि अखेरीस उरलेले एका गुणाचे अंतर. ज्याने त्या वर्षी फुटबॉलकडे ढुंकूनही पाहिले नसेल, त्याला या दोन ओळींत विशेष काही जाणवणार नाही. ज्याला या दोन नावांची पार्श्वभूमी ठाऊक आहे, त्याला मात्र त्या ओळी पुन्हा वाचाव्याशा वाटतात. कारण त्यांचा क्रम उलटा असायला हवा होता, असेच त्या वेळी सर्वांना वाटत होते.

मोहन बागान हा १८८९ साली कोलकात्यात स्थापन झालेला क्लब. १९११ मध्ये त्याच्या बहुतांश अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली. पारतंत्र्यातील देशाने तो विजय आपला मानला. आयजॉल एफसीचा जन्म १९८४ सालचा. मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला २० फेब्रुवारी १९८७ रोजी. म्हणजे हा क्लब ज्या राज्याचे नाव पुढे देशभर घेऊन गेला, त्या राज्याहून तो स्वतः तीन वर्षांनी मोठा. त्याच्या स्थापनेच्या वेळी मिझो टेकड्यांत बंडखोरीचा काळ अजून सरला नव्हता. शांतता करार व्हायला १९८६ चा जून उजाडला. अशा अस्वस्थ दिवसांत काही माणसांनी एकत्र येऊन चेंडू खेळण्यासाठी संस्था काढली, ही गोष्ट लहान असली तरी विसरण्याजोगी नाही.

मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार अकरा लाखांच्याही आत. महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम जिल्ह्यातसुद्धा याहून अधिक माणसे राहतात. राज्याची राजधानी आयजॉल डोंगराच्या कण्यावर वसलेली. घरे उतारावर एकाखाली एक उभी. सपाट जमीन हीच तेथील दुर्मीळ वस्तू. जेथे चार घरांचे अंगण सलग मिळणे कठीण, तेथे फुटबॉलचे मैदान मिळणे किती कठीण, याची कल्पना सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसाला सहज यावी. तरीही खेळ तेथे रुजला. २०१२ मध्ये राज्याची स्वतःची मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. २०१४ मध्ये मिझोरामच्या संघाने अंतिम सामन्यात रेल्वेला नमवून संतोष करंडक जिंकला.

परंतु या यशाला एक बोचरी कड होती. मिझोरामची मुले चांगली खेळत आणि चांगली खेळू लागली की घर सोडून जात. शायलो मालसॉमत्लुआंगा कोलकात्याला गेला आणि ईस्ट बंगालचा लाडका झाला. पुढे जेजे लालपेखलुआ राष्ट्रीय संघाचा आघाडीपटू झाला आणि मोहन बागानचा गणवेश घालू लागला. कोकणातल्या घरांनी जसे पिढ्यान्पिढ्या मुंबईला माणसे पुरवली, तशी मिझो टेकड्यांनी मैदानी शहरांना पावले पुरवली. गुणवत्ता येथली, कीर्ती तेथली. आपल्या गावच्या नावाने, आपल्या माणसांसमोर देशातले मोठे विजेतेपद मिळवता येईल, अशी आशा बाळगण्याचे धाडस कोणी करीत नव्हते.

२०१५ मध्ये आयजॉल एफसीने द्वितीय श्रेणीची लीग जिंकली आणि आय-लीगमध्ये प्रवेश केला. त्या स्तरावर पोहोचलेला तो मिझोरामचा पहिलाच क्लब. पहिले वर्ष परीक्षेचे होते आणि परीक्षेत क्लब नापास झाला. २०१५-१६ च्या हंगामात नऊ संघांत आयजॉल आठवा आला. तळाशी होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. परंतु तो संघ थेट प्रवेशाच्या योजनेतून आलेला असल्याने त्याला पदावनतीपासून संरक्षण होते. त्यामुळे खाली जाण्याची पाळी आठव्या क्रमांकावरच्या आयजॉलवर आली. नियम आधीपासून लिहिलेला होता, हे खरे. परंतु शेवटून दुसरा आलेला विद्यार्थी नापास आणि शेवटचा मात्र वरच्या वर्गात, हा हिशेब डोंगरातल्या माणसांच्या गळी उतरणे कठीणच होते.

त्याच सुमारास एक विलक्षण विसंगतीही घडली. लीगमधून बाहेर फेकला गेलेला हा संघ फेडरेशन करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. मे २०१६ मध्ये गुवाहाटीत तो सामना झाला. समोर मोहन बागान. निकाल पाच विरुद्ध शून्य. मोठ्यांच्या पंगतीत बसू पाहणाऱ्याला त्याची जागा दाखवून देणारा असा तो पराभव होता. त्या दिवशी दोन संघांत पाच गोलांचे अंतर होते. अकरा महिन्यांनंतर ते एका गुणावर आणि उलट दिशेला येणार होते, असे भाकीत कोणी केले असते तर त्याला वेड्यात काढले गेले असते.

आयजॉलचे दार पुन्हा उघडले ते गोव्यामुळे. गोवा म्हणजे भारतीय क्लब फुटबॉलचे दुसरे घर. डेम्पोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलेले. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनी प्रत्येकी दोन वेळा. २०१६ मध्ये देशाच्या फुटबॉलची नवी रचना ठरू लागली आणि त्या रचनेत आय-लीगचे स्थान दुय्यम होणार, अशी चिन्हे दिसू लागली. त्याच्या निषेधार्थ साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. त्या वर्षी वर चढण्याचा मान मिळवलेला डेम्पोही मागे फिरला. जागा रिकाम्या झाल्या. आयजॉलला पुन्हा प्रथम श्रेणीत घेण्यात आले. गोव्याच्या मैदानांवर त्या दिवसांत जी उदासी पसरली, तिच्याच पोटातून मिझोरामची संधी जन्माला आली. एकाने सोडलेल्या आसनावर दुसरा बसला, हे सत्य आयजॉलच्या यशाचा गौरव करताना झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आता संघ उभा करायचा होता. प्रशिक्षक म्हणून आले खालिद जमील. कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईत महिंद्र युनायटेडसारख्या संघांतून खेळलेले आणि दुखापतींमुळे लवकर थांबावे लागलेले हे गृहस्थ सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. त्या सात वर्षांत मुंबई एफसीने कधी विजेतेपदाला हात घातला नाही. पण अपुऱ्या साधनांनिशी तो क्लब प्रत्येक वेळी पदावनती टाळत राहिला. बचाव घट्ट ठेवायचा, हाती आलेला गुण सोडायचा नाही आणि दिखाऊपणाच्या नादी लागायचे नाही, अशी त्यांची रीत. २०१६ मध्ये तेथील त्यांचे काम संपले. त्यांच्याबरोबर मुंबईच्या मैदानांवर वाढलेला जयेश राणे आयजॉलला गेला. मुंबई एफसीतच त्यांच्या हाताखाली खेळलेला आशुतोष मेहता गेला. गोलरक्षक आल्बिनो गोम्स गोव्याचा. युद्धाने होरपळलेल्या सीरियातून आलेला महमूद अल-अमना मध्यरक्षणाची सूत्रे सांभाळू लागला. लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान त्याच्या सोबतीला. आणि या सर्वांभोवती मिझो मुले : झोहमिंगलियाना राल्टे, लालदानमाविया राल्टे, ब्रँडन वानलालरेमदिका आणि त्यांचे सोबती.

या यादीकडे जरा थांबून पाहण्याजोगे आहे. मोठ्या क्लबांनी मिळवण्यासाठी चढाओढ करावी, असे त्यांतील फारसे कोणी नव्हते. ज्याला कायम ठेवावे असे कोणाला वाटले नाही असा प्रशिक्षक, ज्यांचे नाव अजून व्हायचे होते असे तरुण, ज्यांचा देश दूर राहिला असे परदेशी आणि ज्यांच्या गावाला लीगने नुकतेच बाहेरचा रस्ता दाखवला असे स्थानिक. स्वयंपाकघरात अनेकदा असे होते की वेगवेगळ्या डब्यांत तळाशी उरलेल्या डाळी एकत्र शिजवल्या जातात आणि त्या दिवशीचे वरण घरातल्यांच्या लक्षात राहते. तथापि, त्यासाठी शिजवणाऱ्याला प्रत्येक डाळीचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. खालिद यांना तो ठाऊक होता.

जानेवारी २०१७ मध्ये हंगाम सुरू झाला, तेव्हा आयजॉलचे उद्दिष्ट एवढेच मानले जात होते की या वेळी खाली घसरू नये. पहिले काही विजय योगायोग समजले गेले. मार्च संपत आला तरी संघ वरच्या तीन-चारांत टिकून होता, तेव्हा आता थकेल असे म्हटले गेले. कोलकाता आणि बंगळूरु येथील संघांचा खर्च आयजॉलच्या अनेक पटींनी मोठा होता. त्यांच्या राखीव खेळाडूंच्या बाकावर बसणारे खेळाडूसुद्धा आयजॉलला परवडणारे नव्हते. मात्र मुआलपुई येथील राजीव गांधी मैदानावर, डोंगरांच्या वेढ्यात, कृत्रिम हिरवळीवर आणि खचाखच भरलेल्या गॅलऱ्यांसमोर या संघाला हरवणे दिवसेंदिवस अवघड होत चालले होते. आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने असाच पराक्रम केला होता, त्यामुळे वृत्तपत्रांनी आयजॉलला ‘भारताचे लेस्टर’ म्हणण्यास आरंभ केला. उपमा सोयीची होती. परंतु इतक्या लहान आणि दूरच्या राज्यातून इतक्या मोठ्या परंपरांना आव्हान देणे, हे काही कोणाची नक्कल करून साधण्यासारखे नव्हते.

दोन सामने शिल्लक असताना आयजॉल आणि मोहन बागान यांचे गुण समान होते : प्रत्येकी तेहतीस. आणि २२ एप्रिलला हेच दोन संघ आयजॉलमध्ये समोरासमोर आले. मोहन बागानच्या पथकात मिझोरामचाच सुपुत्र जेजे होता. म्हणजे घरच्या गॅलरीने एका बाजूला आपला गाव आणि दुसऱ्या बाजूला आपला सर्वांत नामवंत मुलगा, अशी विभागणी पाहिली. सामना गोलशून्य अवस्थेत संपत आला होता. त्र्याऐंशीव्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्टे पुढे आला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. एक विरुद्ध शून्य. गुवाहाटीतील पाच गोलांचे ओझे त्या एका गोलाने उतरले.

तरी विजेतेपद अजून हाती आले नव्हते. अखेरचा सामना ३० एप्रिलला शिलाँग येथे, शिलाँग लाजाँगविरुद्ध होता. लाजाँग हा ईशान्येचाच क्लब. आय-लीगमध्ये खेळणारा त्या प्रदेशातला पहिला. ईशान्येला प्रथमच विजेतेपद मिळण्याची वेळ आली असता शेजारी थोडे सैल खेळेल, असा हिशेब कोणी मनात केला असेल तर तो चुकला. लाजाँगने पूर्ण ताकदीने खेळ केला आणि नवव्याच मिनिटाला असेर दिपांदाने आयजॉलविरुद्ध गोल केला. शेजाऱ्याचा हा प्रामाणिकपणा त्या दिवशी मिझो प्रेक्षकांना कडू लागला असेल. पण त्यानेच पुढच्या यशाला बावनकशी केले. मिळालेले आणि मिळवलेले यांतला फरक अशा प्रतिस्पर्ध्यामुळेच कळतो.

आयजॉलला केवळ बरोबरी पुरेशी होती. तेवढीच ती एक गोष्ट हाती येत नव्हती. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागानचा सामना चेन्नई सिटीशी चालू होता आणि तो सामना बागान अखेर दोन विरुद्ध एक असा जिंकणार होता. नवव्या मिनिटापासून सदुसष्टाव्या मिनिटापर्यंत, अठ्ठावन्न मिनिटे आयजॉल पिछाडीवर राहिले. डोंगरी रस्त्यांनी लांबचा प्रवास करून शिलाँगला आलेले समर्थक गॅलरीत होते; घरोघरी दूरचित्रवाणीसमोर उरलेले राज्य होते. सदुसष्टाव्या मिनिटाला विलियम लालनुनफेलाने बरोबरी साधली. उरलेला वेळ आयजॉलने खालिद यांच्या जुन्या मुंबईच्या रीतीने काढला : घट्ट बचाव, चेंडूची घाई नाही, हातचा गुण सोडायचा नाही. शिट्टी वाजली. अकरा विजय, चार बरोबरी, तीन पराभव, सदतीस गुण. ईशान्य भारतातील क्लब पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेता झाला.

एवढ्या घटनाक्रमानंतर ‘चमत्कार’ हा शब्द सहज ओठांवर येतो. परंतु चमत्कार म्हटले की माणसांच्या कष्टांवर पडदा पडतो. गावोगावी मुलांना खेळवणारे शिक्षक, स्थानिक लीग चालवणारी मंडळी, सामना बघायला न चुकता येणारे शेजारी यांच्याशिवाय तो संघ उभा राहिला नसता. मिझो भाषेत ‘त्लॉमङाइना’ अशी एक संकल्पना आहे. स्वतःच्या सोयीपेक्षा दुसऱ्याची गरज आधी पाहणे, न सांगता मदतीला धावणे आणि त्याचा गाजावाजा न करणे, असा तिचा आशय. एखाद्या घरी मृत्यू झाला, आग लागली, कोणी हरवले तर वस्तीतली तरुण मुले आपणहून हजर होतात, ती या संस्कारामुळे. मैदानावर बचावपटूने आघाडीपटूसाठी आणि आघाडीपटूने बचावपटूसाठी धावावे, हे अशा समाजाला मुद्दाम शिकवावे लागत नाही.

विजयानंतर जे घडले, तेही सांगितलेच पाहिजे. कारण तेथे ही कथा परीकथेपासून वेगळी होते. विजेता संघ पाहता पाहता विखुरला. खालिद जमील ईस्ट बंगालला गेले, अल-अमनाही तिकडेच. राणे आणि मेहता कोलकात्याच्या एटीकेमध्ये दाखल झाले. जानेवारी २०१८ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात इराणच्या झोब आहानने आयजॉलला तीन विरुद्ध एक असे हरवले. त्या हंगामात संघ पाचवा आला. शिवाय इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश गुणांवर नव्हे, तर मालकी हक्कांच्या शुल्कावर मिळत होता. देशाचा विजेता असूनही आयजॉलला ते दार बंद राहिले. एका गुणाचे अंतर धावून पार करता येते. पैशांचे अंतर तसे पार करता येत नाही, हे त्या क्लबला विजयाच्या वर्षीच कळले.

मग त्या विजयाचे मोल काय? याचे उत्तर आयजॉलच्या नंतरच्या गुणतक्त्यांत आहे. २०१७-१८ मध्ये विजेता झाला मिनर्व्हा पंजाब, जो आदल्या वर्षी तळाशी रेंगाळला होता. २०१८-१९ मध्ये जिंकली ती चेन्नई सिटी. ४३ गुण, आणि दुसऱ्या ओळीत ४२ गुणांसह ईस्ट बंगाल. पुन्हा एका गुणाचेच अंतर! पुढे केरळच्या गोकुलमने लागोपाठ दोनदा विजेतेपद पटकावले. मोठ्या नावांपुढे मान खाली घालूनच खेळायचे असते, हा समज एकदा मोडला की तो पुन्हा जोडता येत नाही. २०२३ मध्ये आय-लीगच्या विजेत्याला गुणांच्या बळावर सुपर लीगमध्ये प्रथमच प्रवेश मिळाला. तो मिळवणारा संघ आयजॉल नव्हता, पंजाबचा होता. वाट मळणाऱ्यालाच त्या वाटेने मुक्कामी पोहोचता येते असे नाही.

आणखी दोन नोंदी. खालिद जमील यांच्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, म्हणजे आयजॉलच्या विजयाच्याच वर्षी, मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर घसरला आणि प्रथम श्रेणीतून बाहेर पडला. आणि खालिद जमील स्वतः ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. कोणाचे कोठे चुकले, याचा निवाडा करण्यासाठी या नोंदी नाहीत. माणसाची पारख करणे किती अवघड असते, एवढेच त्या सांगतात. सात वर्षे डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचे खरे वजन त्याची जागा रिकामी झाल्यावर कळते; कधी घरात, कधी दुकानात, कधी संस्थेत.

निकालाच्या दिवसांत घरोघरी मुलांची प्रतवारी होते. पहिला कोण, मागे कोण, वर्गातून घसरला कोण, याची चर्चा जेवणाच्या ताटांपर्यंत येते. एका यादीत आठवा आलेला मुलगा पुढच्या यादीत पहिला येईलच, असे आश्वासन कोणी कोणाला देऊ नये. आयजॉलची कथाही ते देत नाही. त्यांना गोव्याने सोडलेली जागा मिळाली नसती, तर राल्टेचे ते हेडर आणि लालनुनफेलाचा तो गोल द्वितीय श्रेणीच्या एखाद्या रिकाम्या मैदानावर झाला असता. ही कथा फक्त एवढे सांगते की दुसरी संधी देणे कोणाच्या तरी हाती असते आणि ती देताना तिचे काय होईल हे देणाऱ्याला ठाऊक नसते. आठव्या क्रमांकाच्या त्या संघाला २०१६ मध्ये परत घेतले गेले, तेव्हा त्यामागे दूरदृष्टी नव्हती. केवळ जागा भरायची होती. दूरदृष्टी असती, तर अशा आणखी किती जागा आधीच मोकळ्या ठेवल्या गेल्या असत्या!